इरकलीच्या काठाची गोधडी : आठ महिने पांघरल्यावर

लुगड्याचा काठ अंगठा आणि तर्जनीत घोळवल्याशिवाय मला झोप लागत नाही. लहानपणी आजीच्या कुशीत लागलेली सवय, आज वय 41. आजीच्या वाकळीच्या चिंध्या झाल्या तेव्हा गावाकडच्या एका मावशींकडून नवी गोधडी शिवून घेतली. आत आजीची दोन सुती लुगडी, वर आईची इरकल. पाच बाय सात फूट, सगळा हाताचा धावदोरा, शिलाई 1800 रुपये.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. मावशींनी चारही बाजूंनी नव्या कापडाचा गोट लावला होता. काम सुबक, पण बोटांना तो पटेना. इरकलीचं अंग सुती, काठ रेशमी. आईच्या साडीचा आर्ट सिल्कचा, म्हणजे कृत्रिम रेशमाचा. सुताच्या शेजारी तो गार आणि निसरडा लागतो, बोट मागेपुढे फिरवलं की विणीच्या बारीक रेघा नखाला जाणवतात. गोटात यातलं काहीच नाही. शेवटी एका रविवारी उशाकडच्या डाव्या कोपऱ्यातला वीतभर गोट उसवला, आत दुमडलेला काठ बाहेर काढून पुन्हा शिवला. त्या रात्री कूस बदलायच्या आत डोळा लागला. शिवायला देणार असाल तर काठ बाहेर ठेवा, असं आधीच सांगा. मोठ्या माणसानं हे सांगायला लाजावं असं काही नाही.

धुणं मात्र जड जातं. ओली गोधडी पिळायला दोघं लागतात, वाळायला दोन दिवस. एकदा मशीनमध्ये टाकली तर मधले टाके तुटले. शिवाय धुतली की वास जातो. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञानं 1951 साली मुलांच्या अशा लाडक्या फडक्यांवर निबंध वाचला होता. आई ते मळलं तरी धूत नाही, कारण धुतलं की बाळाच्या अनुभवात खंड पडतो, असं त्याचं म्हणणं. धुतल्यानंतरच्या दोन रात्री मला ते तंतोतंत पटतं. म्हणून मी ती एरवी उन्हात घालते, दोन-तीन महिन्यांनी रिठ्याच्या पाण्यात धुते.

प्रवासात एवढं ओझं नेता येत नाही. काठाचा हातभर तुकडा पर्समध्ये ठेवते, रेल्वेच्या बर्थवर तेवढा पुरतो.

डावा कोपरा आता विरायला लागलाय. पुढच्या महिन्यात उजवा उसवणार आहे.