डेव्हनेटजॉब्सइंडिया: दिसायला जुनाट, कामाला चोख

स्वयंसेवी संस्थेत नोकरी शोधणाऱ्याने आधी हे संकेतस्थळ उघडावं. मांडणी जुन्या वळणाची, पण पद, संस्था, ठिकाण आणि शेवटची तारीख लगेच सापडते. जाहिराती वाचायला पैसे लागत नाहीत.

अर्ज मात्र थेट संस्थेकडे जातो, आणि घोळ तिथेच होतो. ईमेलच्या विषयात पदाचं नाव व ठिकाण लिहा. एकच संस्था नंदुरबार आणि गडचिरोलीसाठी एकदम माणसं शोधत असते. बायोडेटा दोन पानी, पीडीएफमध्ये. ‘समाजसेवेची आवड’ हे वाक्य सगळेच लिहितात. त्याऐवजी किती गावं, किती बचत गट, कोणतं काम ते लिहा. अपेक्षित पगार विचारला असेल तर आकडा द्याच.

जाहिरातीत ‘प्रकल्प कालावधीपुरते’ असेल तर निधी कधी संपतो ते मुलाखतीत विचारा. परदेशी देणग्यांतून प्रशासकीय खर्चाला 2020 पासून 20 टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे कार्यालयीन पदांचे पगार आखडते असतात. अनोळखी संस्था एनजीओ दर्पणवर, म्हणजे स्वयंसेवी संस्थांच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर, तपासा. तिथली नोंद म्हणजे सचोटीचा दाखला नव्हे. अर्जासाठी शुल्क मागितलं, तर पुढे जाऊच नका.