पाणी तपासणीचं ‘संपूर्ण’ पॅकेज: नाव मोठं

मुंबईतल्या सोसायट्यांना विकलं जाणारं हे पॅकेज टीडीएस (विरघळलेले क्षार), क्लोरीन, कोलिफॉर्म जंतू चोख तपासतं. पण पीफास (सहजी न विघटणारी, टेफ्लॉनसारखी फ्लोरीनयुक्त रसायनं) नाही, औषधांचे अंशही नाहीत. भातसा-तानसाच्या पाण्यात टीडीएस मुळातच कमी. तो आकडा बघून खूश कसलं व्हायचं? पीफास नॅनोग्रॅममध्ये मोजतात (अमेरिकेने २०२४मध्ये पीएफओए या एका पीफाससाठी ठरवलेली मर्यादा: लिटरला ४ नॅनोग्रॅम). त्याला एलसी-एमएस-एमएस हे अतिसूक्ष्म अंश मोजणारं यंत्र लागतं, ती चाचणी वेगळी मागा. नमुन्याची बाटली पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकची हवी, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर नको. नाहीतर झाकणातलंच पीफास अहवालात उतरायचं. पीफासमुक्त पाण्याची ‘फील्ड ब्लँक’ बाटली सोबत मागायला विसरू नका; नमुना घेताना बाहेरून पीफास मिसळलं का, ते तिच्यावरून कळतं. माथी मारला जाणारा कार्बन फिल्टर, त्याचं कार्ट्रिज वेळेवर बदलणार असाल तरच घ्या: पीफासचे आखूड साखळीचे रेणू त्यातून लवकर निसटतात.