साठवण्याचा विकार जोखताना: प्रश्नावली की फोटो?

साठवणुकीचा विकार, म्हणजे वस्तू टाकवतच नाहीत आणि घर पसाऱ्याने भरत जातं, हे २०१३ पासून डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) स्वतंत्र निदान आहे. तो जोखायला दोन साधनं जास्त चालतात. 'सेव्हिंग इन्व्हेंटरी-रिव्हाइज्ड'मध्ये २३ प्रश्न. पसारा, वस्तू टाकताना होणारी घालमेल आणि सतत काहीतरी घरी आणणं, तिन्हींचे गुण वेगळे कळतात. पण उत्तरं देणार तो माणूस स्वतःच; "कुठाय पसारा?" म्हणणारे काका इथे सहज निसटतात.

'क्लटर इमेज रेटिंग'मध्ये बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांचे प्रत्येकी ९ फोटो, क्रमाने पसारा वाढत जाणारे. आपल्या खोलीशी जुळेल तो निवडायचा; ४ किंवा त्यापुढचा आला तर गंभीरपणे घ्यायचं. सुनेलाही फोटो निवडता येतो, हे बरं. मात्र माळ्यावर कोंबलेल्या पिशव्या त्यात येत नाहीत, घालमेल तर नाहीच. मी आधी फोटोच पुढे करेन; विकाराचं निदान करणं मात्र मानसोपचारतज्ज्ञाचं काम.