दोन रविवारांत 120 तास

नागपूरच्या धरमपेठेतल्या त्या एजंटच्या ऑफिसात शॉप अ‍ॅक्टचा दाखला फ्रेम करून टांगला होता. मी तोच परदेशी नोकरी लावून देण्याचा परवाना समजलो. शॉप अ‍ॅक्ट भांड्यांच्या दुकानाकडेही असतो. नोकरीसाठी लोकांना बाहेर पाठवणाऱ्या एजंटला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, आणि ती ई-मायग्रेट पोर्टलवर घरबसल्या तपासता येते. उमेदवाराकडून घ्यायची फीसुद्धा ठरलेली आहे, जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी. माझे 1,35,000 गेले, पतसंस्थेतून काढलेले.

मी बी.कॉम. इंग्रजी बरं बोलतो, एवढीच पुंजी. "थायलंडमध्ये इंग्रजीचे टीचर भेटत नाहीत भाऊ, तू फक्त बोलत राहायचं," एजंट साहेब म्हणाले. 'टेफल'चं, म्हणजे परदेशी लोकांना इंग्रजी शिकवण्याचं, 120 तासांचं सर्टिफिकेट दोन रविवारांत हातात पडलं. अकरा ते चार, मध्ये तर्री पोहे. शिकवण्याचा सराव म्हणजे आम्ही अकरा जणांनी एकमेकांपुढे उभं राहून स्वतःची ओळख करून देणं. इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठीच्या केंब्रिजच्या सेल्टा कोर्सला खरोखर 120 तास बसावं लागतं आणि त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवून दाखवावं लागतं, हे मला परत आल्यावर कळलं. टेफल हे कुठल्या एका संस्थेचं नाव नाही. कोणीही छापावं, कोणीही वाटावं.

व्हिसाचं विचारलं तर म्हणे, "तिकडे गेल्यावर शिकवणीचे सेंटरवाले करून देतील." 2024 मध्ये भारतीयांना तिथे 60 दिवस व्हिसाशिवाय जाता येत होतं, त्यावरच आम्हाला पाठवलं. पण तसं जाऊन नोकरी करणं बेकायदा. त्यासाठी नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि वर्क परमिट लागतं, शाळेत शिकवायचं तर शिवाय खुरुसफाची, म्हणजे तिथल्या शिक्षक परिषदेची, मंजुरी. नाव म्हणजे आपलीच गुरुसभा, शब्द संस्कृतातूनच गेलाय. त्या गुरुसभेला आमचा पत्ताच नव्हता.

सेंटरच्या मॅनेजर बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, पालकांनी विचारलं तर कॅनडाचा आहे म्हणायचं. मी म्हटलं. इथे मला स्वतःला सोडून द्यायचं नाही. तोवर फसलेला मी होतो. त्या दिवसापासून फसवणाऱ्यांतही होतो. फळ्यावर मी लिहिलं, 'आय हॅव लिव्हड हिअर सिन्स थ्री इयर्स'. आपण सगळे असंच बोलतो ना! नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती, तिने ते पट्टीने रेघ मारून वहीत उतरवलं आणि 'सिन्स' लाल पेनने रंगवला. तिथे 'फॉर' हवं, हे मला तीन आठवड्यांनी पुस्तकात दिसलं. तोपर्यंत ती दुसऱ्या वर्गात गेली होती. तिचे वडील कॅनडाच्या टीचरची फी भरत होते.

पगाराचे 25,000 बात (थायलंडचं चलन) ठरले होते, हातात 14,000 पडले. बाकी 'कागदपत्रांचा खर्च'. दोन महिने संपत आले तेव्हा बाई म्हणाल्या, बॉर्डरवर जाऊन शिक्का मारून परत ये. मुदत उलटली की रोज 500 बात दंड, आणि काम करताना सापडलो तर वेगळंच. मी 57 व्या दिवशी तिकीट काढलं.

नागपुरात आलो तर ऑफिसला कुलूप. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी पावती उलटसुलट पाहिली. तिच्यावर लिहिलं होतं 'समुपदेशन शुल्क'. नोकरी हा शब्द कुठेच नाही. पैसे देताना मी ती वाचलीच नव्हती. पण व्हॉट्सअ‍ॅपवर पगाराचा आकडा आणि 'जॉब पक्का' असा एजंटचा मेसेज अजून आहे, तो पोलिसांनी तक्रारीला जोडून घेतला. आमच्या अकरा जणांपैकी तिघेच सही करायला तयार झाले. बाकीचे म्हणतात, घरी माहीत नाही. धरमपेठेत पैसे भरलेल्या आणखी कोणाकडे असे मेसेज असतील तर फोन बदलण्याआधी त्यांची प्रिंट काढून ठेवा.