रायझन ५ ५६००जी, की आय३-१२१००एफ आणि आरएक्स ६६००?

गेमसाठी कॉम्प्युटर जोडायचाय आणि डोंबिवलीचा भाचा लॅमिंग्टन रोडला (मुंबईचा कॉम्प्युटर बाजार) जायच्या आधीच या पेचात अडकलाय, म्हणून लिहितोय. पहिला पर्याय म्हणजे एएमडीचा एकटा प्रोसेसर; दुसरा म्हणजे इंटेलचा प्रोसेसर आणि सोबत आरएक्स ६६०० हे वेगळं ग्राफिक्स कार्ड. खोक्यावरच्या 'गेमिंग'च्या शिक्क्याकडे बघूच नका.

खर्चात ५६००जी सरळ जिंकतो. ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा भाग, प्रोसेसरच्या आतच आहे, वेगळं कार्ड लागत नाही. १२१००एफमध्ये ते नाहीच; कार्डाशिवाय पडदा काळाच राहणार.

वेगाचं मात्र उलटं. ५६००जीवर व्हॅलोरंटसारखा हलका गेम छान चालतो, पण नवे जड गेम १०८०पीवर (फुल एचडी चित्रावर) त्याला दमवतात. त्याचं ग्राफिक्स कॉम्प्युटरची रॅमच वाटून घेतं. म्हणून रॅमची १६ जीबीची एक स्टिक (पट्टी) घेऊ नका, ८-८च्या दोन घ्या; दोन एकदम चालल्या की रॅमचा वेग वाढतो. फरक खेळताना जाणवतो. दुकानात एकच पुढे केली तर अडून बसा. आरएक्स ६६००कडे स्वतःची ८ जीबी मेमरी असते.

विजेचं म्हणाल तर हे कार्ड एकटंच १३२ वॉटचं, ५६००जी ६५चा. पॉवर सप्लायवर काटकसर दोन्हीकडे नको.

हात आखडता असेल, अभ्यास आणि हलके गेम एवढंच असेल तर ५६००जी. कार्ड पुढे बसवता येतं. मोठे नवे गेमच खेळायचे असतील तर दोन महिने थांबा, पैसे साठवा आणि दुसरा पर्याय घ्या.