डग्ग्याच्या घुमाऱ्यावरून संगीत शोधताना: बँडकॅम्प वापरून पाहिलं

मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते आणि घरीच तबल्याच्या शिकवण्या घेते. इलेक्ट्रॉनिक संगीताकडे मी वळले ती डग्ग्यामुळे, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या हाताच्या, खर्ज घुमणाऱ्या वाद्यामुळे. तीनेक वर्षांपूर्वी दिवाळीला भाचा आला होता. त्यानं स्वतःचे हेडफोन माझ्या कानाला लावले आणि म्हणाला, "मावशी, फक्त खालचा ठोका ऐक." तो ठोका पडल्यावर लगेच संपत नव्हता. किंचित खाली घसरत, घुमत घुमत विरत होता. मी विचारलं, कोणता डग्गा आहे हा? तर म्हणे रोलँड कंपनीचं टीआर-८०८, १९८० साली आलेलं ठेका वाजवणारं यंत्र. ना चामडं, ना शाई. आत एक विजेचं सर्किट असतं, त्याला टिचकी बसली की ते झंकारतं आणि मंद होत जातं. घुमारा किती लांबवायचा ते एक खुंटी फिरवून ठरतं. डग्ग्यावर आपण मनगट दाबून सूर वर चढवतो, इथे तो आपोआप उतरत होता. मला हे फार आवडलं.

मग अशाच घुमाऱ्याचं आणखी ऐकावंसं वाटलं आणि तिथे अडलं. फोनवरच्या गाण्यांच्या एका ॲपला विचारलं की ते मला दहा प्रसिद्ध गाणी द्यायचं. ती सगळी लोकांनी ऐकलेली, पण मला हवा तो घुमारा एकातही नसायचा. आपल्यासारखे लोक आणखी काय ऐकतात यावर अशी ॲप बरीचशी चालतात. ज्या तुकड्याला आजवर जगात दोनशेच कान मिळाले, तो त्या हिशेबात वर येणार कसा?

भाच्यानंच बँडकॅम्प दाखवलं. २००८ साली सुरू झालेली ही सेवा म्हणजे कलाकारांचं थेट दुकान. प्रत्येकाचं स्वतःचं पान असतं, किंमतही तोच ठरवतो. डिजिटल विक्रीवर बँडकॅम्प साधारण १५ टक्के घेतं, पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा, बाकी कलाकाराचं. विकत घेण्याआधी बहुतेक ठिकाणी अख्खा तुकडा ऐकता येतो आणि माझ्यासाठी हेच सगळ्यात मोलाचं. तबला घ्यायला गेल्यावर आपण आधी वाजवून बघतोच ना!

शोधायची माझी रीत सांगते. पानाच्या तळाशी कलाकारानं खुणेचे शब्द लावलेले असतात: शैली, वाद्य, बरेचदा गावाचं नावही. पण त्यांच्यावर फार विसंबू नका. ते कलाकारच लावतो, आणि 'ॲम्बियंट' (संथ, वातावरणासारखं पसरणारं संगीत) हा शब्द तर इतक्या पानांवर आहे की त्याला काही अर्थच उरलेला नाही. खरी वाट वेगळी आहे. आल्बमच्या चित्राखाली तो विकत घेतलेल्या लोकांची छोटी छोटी चित्रं दिसतात, काहींनी दोन ओळी लिहिलेल्याही असतात. त्यातल्या एकावर टिचकी मारली की त्या माणसाचा सगळा संग्रह उघडतो. प्रसिद्ध आल्बमच्या खाली हे करू नका, तिथे गर्दी असते. वीस-पंचवीसच चित्रं असतील असा आल्बम घ्या आणि ज्यानं 'बास फार सुंदर आहे' एवढ्यावर न थांबता नेमकं काय ऐकू आलं ते लिहिलंय, त्याच्या संग्रहात शिरा. मला असा एक माणूस सापडला. त्याचं नाव-गाव मला ठाऊक नाही, पण त्याचा कान माझ्या कानाच्या जातीचा आहे. गेल्या वर्षी मी घेतलेलं निम्मं संगीत त्याच्या संग्रहातून आलेलं आहे.

ऐकलेलं लक्षात राहावं म्हणून मी एक वही ठेवते. तिच्यात शैलीचं नाव लिहीत नाही. 'कोरडा ठेका, चाटीसारखा' (चाट म्हणजे तबल्याच्या काठावरचा आवाज), 'घुमारा लांब, मधे पोकळी', 'जवारी उघडते-मिटते' असं लिहिते. कुणाला सुचवायचं झालं तरी हेच शब्द सांगते. विद्यार्थ्याला 'डब टेक्नो ऐक' म्हटलं तर तो बुजतो. 'एकच स्वरगुच्छ आहे, तो विहिरीत बोलल्यासारखा परत परत येतो, दर वेळी थोडा अंधुक होऊन' असं सांगितलं की कान टवकारतो.

जवारीचं, म्हणजे तारेच्या झंकाराचं, जरा सविस्तर सांगायला हवं. आमचे बाबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत, रोज सकाळी तंबोरा लावतात. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो, तो केसभर पुढे-मागे सरकवला की तीच तार एकदम झंकारू लागते. सूर बदलत नाही, त्यातले वरचे स्वर उमलतात. रोलँडचंच टीबी-३०३ नावाचं १९८१ सालचं यंत्र आहे, गिटार वाजवणाऱ्यांना साथीला बास मिळावा म्हणून केलेलं. त्याच्या गाळणीची (फिल्टरची) खुंटी हळूहळू फिरवली की त्याच सुरातले वरचे स्वर एकामागून एक उजळत जातात. मी बाबांना ते ऐकवलं. डोळे मिटून त्यांनी चार मिनिटं ऐकलं आणि अंगठा-तर्जनीत दोरा धरल्यासारखी बोटं हलवली. मग म्हणाले, "सरकवतोय, पण जरा घाईनं." तेव्हापासून टीबी-३०३ चा तुकडा सुचवताना मी सरकवण्याची घाई किती, ते आधी सांगते.

हे यंत्र आणि टीआर-८०८ एकत्र घेऊन मुंबईचे सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ सालीच दहा रागांची एक तबकडी काढली होती. शिकागोत ॲसिड हाऊस, म्हणजे टीबी-३०३ च्या आवाजावर उभं राहिलेलं नृत्यसंगीत, रुजलं ते त्यानंतर काही वर्षांनी. २०१० साली ती तबकडी पुन्हा निघाली तेव्हा कुठे तिच्याकडे लोकांचं लक्ष गेलं. आणि आपल्या बडोद्यापासून शंभरेक किलोमीटरवर, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर (विजेवर ध्वनी तयार करणारं वाद्य) बसवून दिला होता. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई ही मंडळी तिथे ध्वनिफितींवर काम करत होती. त्या फिती ब्रिटिश कलाकार पॉल पर्गस यांना संस्थेच्या संग्रहात सापडल्या आणि २०२३ साली त्यांचं संकलन निघालं. सूरसागरासमोरच्या संगीत महाविद्यालयात मी चार वर्षं शिकले, पण तिथे हे कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आपल्या मंडळींनी सुरुवात कुठून करावी? माझ्या मते गायिका-संगीतकार अरुषी जैन यांच्यापासून. २०२१ सालचा त्यांचा आल्बम बँडकॅम्पवर आहे. मॉड्युलर (सुटे भाग तारांनी जोडून वाजवायचा) सिंथेसायझर आणि गळा, दोन्ही त्यांचेच. सूर्यास्ताच्या वेळी ऐकण्यासाठी केलेलं संगीत आहे. मी ते संध्याकाळी गच्चीवर ऐकलं. रागाची चाल ओळखीची वाटते आणि मधेच ध्वनी असे कणाकणानं पसरतात की आपण सम शोधायचंच सोडून देतो. तबलजीला हे सोपं नाही.

आता उणिवा. बँडकॅम्पची शोधपेटी नावं शोधते, ध्वनी नाही. गुणगुणून किंवा एखादा तुकडा देऊन 'असंच आणखी' मागता येत नाही, पायपीट आपली आपणच करायची. दुसरं म्हणजे मालकी. २०२२ साली ही सेवा एपिक गेम्स या व्हिडिओ गेमच्या कंपनीनं विकत घेतली, २०२३ साली ती साँगट्रेडर या संगीत परवान्यांच्या कंपनीकडे गेली आणि त्या वेळी जवळजवळ निम्म्या कर्मचाऱ्यांना काढलं. ज्या सेवेवर एवढे छोटे कलाकार जगतात तिची अशी फिरवाफिरवी मला अस्वस्थ करते. म्हणून मी घेतलेलं सगळं फ्लॅक स्वरूपात (यात ध्वनीतलं काही गळत नाही) उतरवून दोन हार्ड डिस्कवर ठेवते. घुमारा ऐकायचा तर फ्लॅकच घ्यावं.

पैसे देताना माझं कार्ड तीनदा नाकारलं गेलं आणि बँकेत कुणाला कारण सांगता येईना. शेवटी कळलं की आपल्याकडे कार्डावर परदेशी व्यवहार स्वतः चालू करावे लागतात. बँकेच्या ॲपमध्ये एक मिनिटाचं काम आहे, खरेदी झाली की परत बंद करून टाका. आणि जमलं तर 'बँडकॅम्प फ्रायडे' पाहून घ्या. २०२० च्या मार्चपासून असे काही ठराविक शुक्रवार असतात, त्या दिवशी सेवा आपला वाटा सोडते. मी महिनाभर आवडलेल्या आल्बमवर हृदयाची खूण करून ठेवते आणि त्या शुक्रवारी रात्री शिकवण्या आटोपल्या की तीन आल्बम घेते. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. त्यात खालचा ठोका येतच नाही, नुसती चाट ऐकू येते.