14 महिने, 258 फुल्या: पांदणीतून सेलूपर्यंत सायकलनं

वर्धा जिल्ह्यातल्या सेलूला एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. गाव तिथून 11 किलोमीटर, बोर धरणाच्या अंगाला. लॅब साडेसातला उघडते, कारण शुगर तपासायला येणारी माणसं उपाशीपोटी आलेली असतात आणि त्यातली निम्मी म्हातारी असतात. त्यांना ताटकळत ठेवणं माझ्या जिवावर येतं. पण गावाहून सुटणारी पहिली एसटी सेलूला पोचते सव्वाआठला, तीही आली तर. तीन वर्षं मी रोज कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून गेले, आणि ज्या दिवशी कुणी मिळालं नाही त्या दिवशी उशिरा गेले.

मागच्या वर्षी एप्रिलात सायकल घेतली. 26 इंची, लेडीज फ्रेम, बिनगिअरची, लोखंडी, मागे कॅरिअर, पुढे जाळीची टोपली. 7,200 रुपयांना पडली. तेव्हापासून सायकलनं गेले की कालनिर्णयच्या चौकटीत फुली मारते. या मेअखेर 258 फुल्या झाल्या. जाऊन-येऊन 22 किलोमीटर, म्हणजे 5,676 किलोमीटर.

लोक पहिला प्रश्न पैशाचा विचारतात. पैसे वाचवायला सायकल घे, असं मी कुठल्याच बाईला सांगणार नाही. 17 मार्च 2023 पासून एसटीत आपल्याला अर्धंच तिकीट लागतं, त्यामुळे वाचून वाचून फार काही वाचत नाही. मी सायकल घेतली ती वेळेसाठी. सहा पस्तीसला मी अंगणातून निघते आणि सात वीसला लॅबचं कुलूप उघडते. सुरुवातीला तास लागायचा, आता पाऊण तासात होतं. ही पंचेचाळीस मिनिटं कुणाच्या मेहरबानीची नाहीत.

पहिले पंधरा दिवस गुडघे इतके दुखले की सायकल विकायचं मनात आलं. चूक सीटची होती. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून आपल्याकडच्या बाया सीट पार खाली ठेवतात, मीही तशीच ठेवली होती. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एका संध्याकाळी पाना घेऊन सीट चार बोटं वर केली. पायडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे, हे त्यांचं माप. थांबताना आता सीटवरून उतरावं लागतं, पण गुडघा त्यानंतर एकदाही दुखला नाही.

दुसरा धडा वॉलट्यूबचा, आणि तो मी चार किलोमीटर चालून शिकले. एका सकाळी मागचं चाक बसलं. पंक्चर समजून ढकलत ढकलत सेलूच्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे नेली. त्यांनी ट्यूब काढलीच नाही. हवा भरली, बोट थुंकीनं ओलं केलं आणि वॉलच्या तोंडावर ठेवलं. एक बारीकसा बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. "ट्यूब चांगली हाय बाई तुमची, रबर चिरलं." वॉलची पितळी कांडी असते, तिच्या कडेला एक बारीक भोक असतं आणि त्यावर इंचभर रबराची नळी चढवलेली असते, तीच वॉलट्यूब. पंपाची हवा त्या नळीला ढकलून आत जाते आणि आतली हवा तीच नळी दाबून भोक बंद ठेवते. आपल्या उन्हात हे रबर दोन-तीन महिन्यांत कडक होऊन चिरतं. तेव्हापासून वॉलट्यूबचा वीतभर तुकडा माझ्या पर्समध्ये असतो आणि छोटा पंप कॅरिअरला बांधलेला असतो. बदलायला दोन मिनिटं लागतात. सायकल घेणाऱ्या प्रत्येकीनं आधी हे शिकावं, पंक्चर काढणं नंतर.

खरी पंक्चर चौदा महिन्यांत सात झाली, त्यातली पाच मे आणि जूनमध्ये. पेरणीच्या आधी शेतकरी कुंपणाला बोराटी आणि बाभळीचे फास ओढत नेतात आणि रस्त्यावर काटे सांडतात. त्या दिवसांत मी डांबराच्या मधोमध चालवते, मागून गाडीचा आवाज आला तरच कडेला होते. काटा रुतलेला दिसला तर लगेच उपटू नये. तो आत असेपर्यंत हवा हळू जाते, तेवढ्यात दोन-तीन किलोमीटर निघून जातात.

आता उन्हाचं. इथं मला सावकाश लिहायचं आहे, कारण मागच्या मेमध्ये मी जिवाशी खेळले. माझी ड्युटी दोनला संपते. सव्वादोनला निघाले. वर्ध्याकडचा मे म्हणजे 44-45 अंश. सहा किलोमीटरपर्यंत घाम गळत होता, मग एकदम थांबला आणि अंगावर काटा आला. एवढ्या उन्हात थंडी वाजली. लॅबमध्ये ऊन लागलेल्या माणसांचं सोडियम मी स्वतः तपासते, म्हणून घाम थांबणं म्हणजे काय हे मला कळत होतं, पण डोकं चालत नव्हतं. आंब्याखाली बसलेल्या एका म्हातारीनं हाक मारली, "वो बाई, येवढ्या उनात कुठं जाऊन राहिल्या? बसा आदी!" तिनं ओला पदर माझ्या मानेवर टाकला, मडक्यातलं पाणी थोडं थोडं पाजलं आणि पाच वाजेपर्यंत उठू दिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी लॅबच्या डॉक्टरांशी बोलले. आता एप्रिल आणि मेमध्ये दुपारी मी रिपोर्ट टाइप करत बसते आणि साडेपाचनंतर निघते. बाटल्या दोन असतात, एक साध्या पाण्याची आणि एक मीठ-साखरेची. नुसतं पाणी ढोसून भागत नाही, घामाबरोबर मीठही जातं. पांढरा सुती दुपट्टा ओला करून डोक्याला गुंडाळते, वाटेत पुन्हा भिजवते. नवतपाचे दिवस, 25 मेपासून पुढचे, सायकलला सुट्टी. सायकलही उन्हात उभी करत नाही. एकदा केली तर जुना पॅच सुटला आणि हँडलच्या मुठी हाताला चिकटायला लागल्या. लॅबमागचा कडुलिंब आता तिची ठरलेली जागा.

पावसाळ्यात त्रास वेगळा. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत दीड किलोमीटर पांदण, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट आहे, सगळी काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते आणि हाताला लागली तर सुटत नाही. मृगाच्या पहिल्या पावसानंतर मी पांदणीत शिरले. शंभर पावलांत टायर आणि मडगार्ड यांच्या मधली फट माती आणि गवतानं गच्च भरली आणि चाक फिरायचं थांबलं. काडीनं कोरून काढलं, दहा पावलं गेले, पुन्हा गच्च. शेवटी सायकल खांद्यावर घ्यायला गेले तर चिखलानं ती इतकी जड झाली होती की उचलेना. तशीच फरफटत घरी आणली आणि त्या दिवशी लॅब बुडाली.

पुढचे चार महिने सायकल डांबरी रस्त्यालगत नणंदेच्या ओसरीत राहिली. पांदण मी प्लास्टिकचे बूट घालून चालत जायची, तिथं पाय धुऊन चप्पल बदलायची आणि मग सायकल. रोजची वीस मिनिटं वाढली. याहून चांगला उपाय मला सापडला नाही आणि पांदण खडीकरण होईपर्यंत सापडणारही नाही. खेड्यातल्या बाईची सायकल शोरूममधल्या मॉडेलवर कमी आणि या शेवटच्या दीड किलोमीटरवर जास्त अवलंबून आहे. आमच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो, त्यावर दुचाकीला मनाईच आहे. आम्हाला पांदणीवर मुरूम हवा.

वाटेत एक रपटा, म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल आहे. त्यावरून पाणी वाहत असेल तर मी परत फिरते, पाणी घोट्याइतकं दिसलं तरी. तसे सहा दिवस गेले. ओल्या लोखंडी रिमवर ब्रेक लागत नाही हेही लक्षात ठेवा. पावसात मी थांबायच्या बऱ्याच आधी ब्रेक हलके हलके दाबते, रिमवरचं पाणी पुसलं जातं, मग पकड येते.

दसऱ्याच्या सुमारास रस्त्यावर सोयाबीन वाळत पडतं. त्याच्या शेंगांवरून चाक बाभळीच्या शेंगांपेक्षा वाईट घसरतं. उतरून चालते, वर्षभराची मेहनत कुणाची तरी पसरलेली असते, त्यावर चाक घालवतही नाही. नोव्हेंबरपासून कापसाचे ट्रॅक्टर. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी कापूस हातभर बाहेर आलेला आणि मागे दिवा नाही. जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणजे माझी निम्मी वाट झुंजूमुंजूत. पुढे बॅटरीचा दिवा, मागे लाल दिवा, मडगार्डवर आणि बॅगवर चमकणारी पट्टी, हे सगळं मिळून साडेचारशे रुपये लागले आणि ते मी सायकलच्या किमतीतच धरते. साइडपट्टी डांबरापासून वीतभर खाली आहे. मागून ट्रक हॉर्न देत आला तर चालत्या सायकलनं त्यावर उतरू नका, थांबून उतरा. मी एकदा चालत्यातच उतरले आणि कोपर फोडून घेतलं.

रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं पहाटे रस्ता ओलांडतात. घंटी वाजवत राहिलं की ती आपापली जातात. बोरचं जंगल 2014 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. शिवारात वाघ दिसल्याची गावात चर्चा झाली की मी आठवडाभर एसटी धरते आणि डॉक्टरांना उशीर होईल म्हणून आधीच कळवते. याबाबतीत हिंमत दाखवायची नाही.

सायकलीबद्दल तक्रार एकच, पण मोठी. तिसऱ्या महिन्यात डावं पायडल प्रत्येक फेऱ्याला टक् वाजायला लागलं. पायडलचा दांडा एक्सलला घट्ट धरते ती कॉटर पिन झिजली होती. विकणाऱ्या दुकानदारानं वॉरंटीत बसत नाही म्हणून हात झटकले. पंक्चरवाल्या काकांनी चांगल्या लोखंडाची पिन ठोकून दिली, ती अजून टिकून आहे. दहाव्या महिन्यात एक्सलचे छर्रे बदलले, गेल्या महिन्यात मागचा टायर. सगळा खर्च धरून 1,850 रुपये. चेनला मी शिलाई मशीनचं तेल घालते आणि घातल्यावर कपड्यानं पुसून घेते. जाड ऑइल घातलं तर आपली धूळ त्यात बसून चेन खाते. गिअरवाली घेऊ का, असं दोघी-तिघींनी विचारलं. आपला रस्ता सपाट आहे आणि गिअर बिघडला तर तो लावणारा माणूस गावात नाही. साधीच घ्या. चेनकव्हर पूर्ण असलेली घ्या, साडी आणि ओढणी दोन्ही वाचतात.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "लगन झालेली बाई सायकल कावून चालवून राहिली, असं म्हनतीन लोकं." लोक म्हणालेही. आता सकाळी मी निघताना आत्याबाईच टोपलीत डबा ठेवतात आणि दोन्ही चाकं अंगठ्यानं दाबून पाहतात. मागच्या महिन्यात त्यांनीच सांगितलं, मागच्यात हवा कमी आहे म्हणून. वॉलट्यूब चिरलेली निघाली.

मृग जवळ आला. या रविवारी सायकल धुऊन नणंदेच्या ओसरीत नेऊन ठेवणार. यंदा पुढचं मडगार्ड दोन बोटं वर उचलून बसवून घेतलं आहे आणि माती कोरायला बांबूची एक चपटी काडी पंपाशेजारी बांधली आहे. उपयोग होतो का, ते दिवाळीत कळवते.